तत्त्वज्ञानाच्या सरांची कबड्डी

आम्ही जुने खेळाडू मंठ्याच्या स्टँडवर चहाला जमलो की देशमाने सरांचा विषय निघतोच. एकाने किस्सा काढला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो, अन् चहा गार होतो!

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. नव्वदच्या आसपास खेळाचे सर बदलून गेल्ते, म्हणून कबड्डीची टीम यांच्या गळ्यात पडली. प्राचार्यांनी बजावलं, "दरसाल हारून येता. यंदा जालन्याहून कप आणा, न्हाईतर टीम बंद!" आम्ही पेटलो. रोज गुडघे फुटेपर्यंत सराव. टीम बंद होऊ द्यायचीच न्हाई!

*

सरांचा पहिला धडा श्वासाचा. "येतोय, जातोय, फक्त बघत राहा." आठवडाभर डोळे मिटून बसलो.

मंग सरावाच्या मॅचला आमचा शिवा चढाईला गेला अन् मध्येच गप्प! पंचांनी बाद दिला.

"अबे, कबड्डी-कबड्डी कोण म्हणणार?" आम्ही ओरडलो.

शिवा शांतपणे म्हणाला, "श्वास बघून राह्यलो होतो!"

*

दुसरा धडा निष्काम कर्माचा. फळाकडे बघायचं न्हाई, म्हणून गुणांच्या बोर्डाकडे बघायलाही बिलकुल बंदी.

अंकुशनगरच्या पोरांशी मैत्रीची मॅच होती. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने पुढे, मैदानात आमचा एकटा शिवा. नुसता वेळ काढला असता तरी जिंकलो असतो. पण बोर्ड बघितला असेल तर ना! गडी थेट घोळक्यात घुसला अन् पकडला गेला. सगळी टीम बाद, म्हणून वर लोणाचे दोन गुण बसले. गेली मॅच!

सर म्हणाले, "कर्म बराबर झालं."

"हो सर," शिवा धापा टाकत म्हणाला, "फळ अंकुशनगरला गेलं!"

*

सर उत्तर कधी सांगायचे न्हाईत, नुसतं विचारायचे. जालन्यात सेमीफायनलला आम्ही पार मागे पडल्तो. टाइमआऊट घेतला. सगळे सरांच्या तोंडाकडे बघून राह्यले. सर म्हणाले, "हारणं म्हणजे नेमकं काय?"

कॅप्टन रफिकने बाह्या वर सारल्या. "पाच मिनिटं द्या सर. समोरच्यांना विचारून सांगतो!"

अन् पठ्ठ्याने मॅच फिरवली.

*

फायनल. प्राचार्य खुद्द बघायला आल्ते. गुण सारखे, शेवटची चढाई रफिकची. एकाला शिवून तो परत आला, पंचांनी गुण दिला, शिट्टी वाजली. जिंकलो! टीम वाचली! आम्ही नाचायला लागलो.

रफिकने हात वर केला. "पंच, माझा पाय रेषेबाहेर गेल्ता."

खरं तेच बोलायचं, असं सर रोज सांगायचे. कधी आवाज न चढवणारे तेच सर रेषेवरून किंचाळले, "गप बस की लेका!"

रफिक गप बसला न्हाई. पंचांनी गुण फिरवला. एका गुणाने हारलो. शिवा तर ढसाढसा रडला.

प्राचार्य खुर्चीतून उठून आले. "देशमाने सर, हे तुम्ही शिकवलं पोरांना?"

सरांनी मान खाली घातली. "शिकवलं सर. पण मला स्वतःला येत न्हाई."

प्राचार्यांनी रफिकच्या पाठीवर थाप मारली. मंग म्हणाले, "उद्या सकाळपासून सरावाला तुम्हीबी पोरांच्या रांगेत उभे राहा. शिकवायला रफिक आहे."