घंटाचोर आणि गणपत तांडेल

गणपत कुबल चाळीस वर्षं तांडेल होता. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे त्याच्या शब्दावर ठरायचं. दृष्टी अधू झाली तशी होडी विकली आणि तो ओटीवरच्या खुर्चीत येऊन बसला.

जूनमध्ये मुलगा परदेशी बोटीवर गेला आणि सून किशोरी आठ वर्षांच्या समीक्षाला घेऊन मुंबईहून मालवणला आली. नात आजोबांशी दोनच शब्द बोलायची. हो आणि नाही. गणपतने तिला तारवं दाखवली, शिंपले आणून दिले. "थँक्यू," ती म्हणाली. म्हणजे शब्द तीन झाले.

संध्याकाळी पाच वाजता ती मुंगूस डिटेक्टिव्हचं कार्टून बघायची. गणपत खुर्ची ओढून मागे बसू लागला. त्यात त्याला काही कळत नव्हतं. पण तेवढा वेळ ती जवळ असायची.

त्या दिवशी बंदरावरची घंटा चोरीला गेली होती. दीपगृहवाला बगळा सांगत होता, "मध्यरात्री बेकरीवाला पाणघोडा घंटा घेऊन वाळूवरून चालत गेला. मी बघितलं." पहाटे मुंगसाला वाळूत पावलं सापडली. पाणघोडा रडत बेड्यांत गेला.

"खोटा!" गणपत ओरडला. समीक्षा दचकली. "आभाळात चंद्र बघलंस? पुनव ती. पुनवेक राती बारा वाजता भरती. पाणी बांधाक लागता, वाळू सगळी पाण्याखाली. ह्यो चलतलो खंयसून?"

"आजोबा, कार्टून आहे ते."

"कार्टूनातलो दर्यो काय नळार भरतत?"

ती हसली नाही. कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिली. "पण पावलं होती ना?"

"पहाटे, पाणी उतारल्यार केलेली. तेव्हा बेकरीवालो खंय होतो?"

"पाव भाजत होता! सगळ्यांनी बघितलं!" ती उठून उभी राहिली. "म्हणजे बगळाच खोटं बोलला! आजोबा, त्यांनी चुकीच्या माणसाला पकडलं!"

"मगे? मी काय सांगतंय?"

तिने दप्तरातून वही काढली. टीव्हीवाल्यांना पत्र लिहायचं ठरलं. पाणघोड्याला ताबडतोब सोडा. आतून किशोरी म्हणाली, "अगो, त्यांका पत्र पोचतला तरी?" समीक्षाने तोवर पेनाचं टोपण काढलं होतं.

"साक्षीदाराचं पूर्ण नाव?" समीक्षाने विचारलं. इतक्या दिवसांत तिने ते कधी विचारलं नव्हतं.

"गणपत भिकाजी कुबल."

"काम?"

गणपत खुर्चीत ताठ बसला. "तांडेल."

"पण होडी तर विकली ना तुम्ही?"

"होडी विकलंय गो. भरती-ओहोटी थोडीच विकलंय!"

तिने तांडेल लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मग पेन तोंडात धरून म्हणाली, "पण पुनवेलाच बारा वाजता का? उद्या भरती किती वाजता येणार?"

टीव्हीवर पुढचं कार्टून लागलं होतं. गणपतने रिमोट शोधून ते बंद केलं आणि जमिनीवर, तिच्याशेजारी, गुडघे सांभाळत मांडी घातली. "ऐक," तो म्हणाला, आणि मुद्दाम अगदी सावकाश सुरुवात केली.