कोपऱ्याच्या खांबाचा पाय

पहाटे चारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गारव्यानं लाकूड आखडलं की तुळई कडकन वाजायची आणि हा अंथरुणात उठून बसायचा.

"झोपा की हो," बायको म्हणायची. "घर काय तुम्हाला विचारून पडणार आहे?"

पण हा निघालेला असायचा. पेशानं सुतार. फट दिसली की हात घातल्याशिवाय राहवत नाही, म्हणून कामावरचे त्याला 'पाचर' म्हणायचे. घर वडिलोपार्जित. खाली थोरल्या भावाचं दोऱ्या-खिळ्यांचं दुकान, वर हा, बायको आणि पाठ मोडून अंथरुणाला खिळलेले वडील. दादा स्वतः मागच्या गल्लीत राहायचा, त्याची झोप शाबूत होती.

घराला भिंती होत्या त्या नावापुरत्या. लाकडी सांगाड्यात विटा भरलेल्या. भार सगळा लाकडावर. वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला, आणि ते ओझं कोपऱ्याच्या एका खांबानं पेललेलं. त्याचा पाय कुजला होता. दादा रोज दुकान धुऊन उरलेली बादली तिथंच ओतायचा. याने पटाशी टोचून पाहिली, ती मुठीपर्यंत आत गेली.

वडिलांना खाली हलवावं, तर जिना शिडीसारखा उभा, एका माणसापुरता, मधे वळण. त्यांना आडवं नेता येत नव्हतं आणि उभं धरवत नव्हतं. घर टिकलं तरच म्हातारा टिकणार.

याने तुळईखाली टेकू दिला आणि टेकूखाली पाचरी ठोकल्या. पाचरी जोडीनं बसतात, समोरासमोर. लाकूड आकसलं की ढिल्या होतात, पुन्हा ठोकाव्या लागतात. पहाटे ठोकायच्या, मग दिवसभर दुसऱ्यांची दारं-खिडक्या बसवायच्या, परत आलं की आधी पाचरींना हात, मग पायातल्या चपला काढायच्या. जेवणही उभ्यानंच.

"खांबाला नवा पाय जोडू. दुकान तीन दिवस बंद ठेव," तो दादाला सारखा सांगायचा.

"आणि गिऱ्हाइकं काय तुझा सासरा सांभाळणार?"

एका संध्याकाळी तो आला तर बायको वर दार ढकलत होती. मजला खचून चौकट वाकडी झालेली, वडील आत अडकलेले. तो धडधडत खाली आला. टेकूखालची एक पाचर गायब. ती दुकानाच्या दाराखाली सापडली.

"दार वाऱ्यानं आपटत होतं," दादा म्हणाला. "ती ढिलीच होती. एक घेतली तर एवढं आभाळ कोसळलं?"

"ढिली असली तर ठोकायची असते! बाबा कोसळले असते, दादा."

"मी अजून वरच आहे रे!" आतून आवाज आला. "भांडण नंतर करा, आधी दार उघडा."

त्यानं जॅक लावला. अर्धा फेरा, थांबायचं, कान द्यायचा, पुन्हा अर्धा. घाई केली तर सांध्यातल्या खुंट्या तुटतात. घामानं हात निसटत होते, तरी त्यानं घाई केली नाही. जेवणाची वेळ टळल्यावर दार सुटलं. वडिलांनी आधी पाणी मागितलं, मग दादाला दोन शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी, मजुरीतून बायकोनं बाजूला टाकलेलं सगळं घेऊन तो दुकानात गेला आणि गल्ल्याशेजारी ठेवलं.

"तीन दिवसांची तुझी विक्री मी देतो. बंद कर."

दादा आधी लाजला. मग म्हणाला, "त्यात शनिवार धरू नकोस हं. शनिवारचे जास्त पडतात."

"शनिवार नको. उद्यापासूनच."

त्यानं कुजका भाग कापला, आधीच विकत आणून ठेवलेल्या ठोकळ्याचा नवा पाय तिरक्या सांध्यानं जोडला, खुंट्या मारल्या. काम एकट्यानं केलं. सांध्यात कागद शिरेना तेव्हाच हातोडा खाली ठेवला.

हाडं झिजवून मिळवलेल्या मजुरीतून त्यानं शेवटी विकत घेतलं ते एवढंच: जुन्या, वाळलेल्या लाकडाचा एक ठोकळा आणि सख्ख्या भावाच्या दुकानाला तीन दिवस कुलूप.