माझा बदललेला रक्तगट

भूतखेत, अंगात येणं असलं आमच्या घरात कधी चाललं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणी असलं सांगू लागलं की तोंडावर हसायचे. आता तुम्ही मला हसा, चालेल.

गाव पुसेगाव, तालुका सेनगाव. सोयाबीनच्या दिवसांत धाकट्या भावाचा, राहुलचा हात मळणीयंत्रात गेला. हिंगोलीला एका दवाखान्यात नेलं. रक्त फार गेलं होतं. आम्हा दोघांचाही गट ओ पॉझिटिव्ह, लहानपणापासून तेच ठाऊक. म्हटलं, माझंच घ्या! पण त्याच्या रक्तात माझं मिसळून पाहिलं तर गुठळ्या झाल्या. कुठलंच ओ चालेना. मग कळलं, त्याचा बॉम्बे ग्रुप. साध्या तपासणीत ओ वाटतो, पण त्याला फक्त त्याच गटाचं रक्त लागतं... आणि तशी माणसं फारच थोडी.

राहुल तेवढ्यातही हसला. "ताई, मुंबई कदी दाखवली न्हाईस, अन् रक्त बॉम्बेचं निघालं की वं!"

"गप पड, मेल्या," मी म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते. जीभ का झडली नाही माझी!

सख्खी बहीण म्हणून माझं घेतलेलं तेच रक्त पुन्हा तपासलं. साधं ओ. बाहेरून रक्त मागवलं होतं, पण ते पोचायच्या आत तो गेला.

वर्षानं त्याच्या स्मृतिदिनी आम्ही शाळेत रक्तदान शिबिर ठेवलं. मीही दिलं. नंतर रक्तपेढीतून फोन — "मॅडम, तुमचं ओ नाही. बॉम्बे आहे."

नांदेडला जाऊन परत तपासलं. बॉम्बेच. तिथले डॉक्टर म्हणाले, "रक्तगट असा बदलत नसतो. तेव्हा नमुन्यांची अदलाबदल झाली असेल."

असेल? म्हणजे मी त्याच्या उशाशी बसले होते आणि त्याला वाचवणारं रक्त माझ्याच अंगात होतं? नाही हो... हे मानलं तर मला वेड लागेल. त्यापेक्षा ज्याला जन्मभर हसले तेच मानते, की जाताना तो माझ्यात काहीतरी ठेवून गेला.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं माझं मनगट धरलं, नाडी चाचपली.

"माझं लेकरू हाय व्हय ह्यात?"

तव्यावरची भाकरी करपली तरी ती हात सोडेना. मग एकदम हंबरडा फोडला तिनं...

"मंग तवा काहून न्हाई आलं वं हे रगत?"