पाहुण्याची स्वतंत्र लाइन

गाणं सुरू करण्याआधी तो माइकला हाताची मागची बाजू लावून पाहायचा. तळहात कधीच नाही. करंट असला तर मूठ आवळली जाते आणि माइक सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात झटक्यानं मागे येतो. समोरच्यांना वाटायचं, पठ्ठ्या माइकला नमस्कार करतोय. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "ओळख देऊन ठेवा लागते, भाऊ. अनोळखी माणसाले लाइन चावते."

आर्णीत आमच्याच गल्लीत तो भाड्यानं राहायचा. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. कापसाला भाव नव्हता, लोडशेडिंग चालू होतं, आणि वीज आली तरी इतक्या कमी दाबानं यायची की विहिरींवरच्या मोटारी जळायच्या. लोकांच्या वाईट दिवसांत माझं दुकान बरं चाललं. सांगायला आवडत नाही, पण खरं आहे. मीटर लावल्याशिवाय मी कुठल्याही तारेवर विश्वास ठेवत नाही. तो भित्रा, मी संशयी. म्हणून आमचं जमलं असावं.

यवतमाळच्या एका नावाजलेल्या बँडमध्ये तो गिटार वाजवून गायचा. त्या वर्षांत घरोघरची लग्नं आटली आणि सामूहिक विवाह वाढले, तरी या बँडच्या तारखा भरलेल्या असत. लोक येत ते याच्यासाठीच. पण याला स्वतःची गाणी म्हणायची होती, रॉक.

"रॉक म्हणजे नेमकं काय रे?" मी एकदा विचारलं.

"जे आयकून म्हातारे उठून जातात आन पोट्टे पुढं येतात. तुमी मधात बसा."

बँडचा मालक ऑर्गन वाजवायचा. याच्या गाण्यांना तो नाहीच म्हणाला, तेव्हा यानं बँड सोडला. मालक निरोप देताना म्हणाला, "जाय. तुह्यावाचून आमचं एखादं गाणं अडन. आमच्यावाचून तुहं सगळंच अडन." हे त्यानं आमच्या ओट्यावर हसत सांगितलं खरं, पण सांगताना शर्टाचं बटण पिळून पिळून तोडलं.

एकट्याचा पहिला कार्यक्रम नेरला झाला. मी सोबत गेलो होतो. पडद्यामागून तो फटीतून खुर्च्या मोजत होता.

"भाऊ, लोक उठून गेले त?"

"गेले तर खुर्च्या राहतील."

"मंग खुर्च्याईले आयकवू का?" तो म्हणाला. मग म्हणाला, "बँडात चूक झाली का सगळ्याईत वाटून जाते. आता आख्खी माह्यी."

त्या दिवशी अर्धे लोक सिनेमातली गाणी मागत राहिले आणि मग खरंच उठले. तेव्हापासून समोर कुणी चप्पल शोधायला वाकलं, तरी त्याचा सूर हलायचा.

लोक उठून जाण्याचं त्याच्या बायकोला काही वाटत नसे. तिनं एकदा मला दारातच गाठलं. "भाऊजी, त्याईले लोकाईचं भेव, मले तारेचं. तुमी संगं जात जा." मी जात राहिलो.

मारेगाव तालुक्यातल्या एका गावात जयंतीचा कार्यक्रम होता. मंडळाची माणसं फार आदरानं वागली. माइकचा अँप्लिफायर शाळेच्या लाइनवर होता. आदल्या वर्षी सगळा भार एकाच लाइनवर आल्यानं एका गायकाचा माइक ऐन रंगात बसला होता, म्हणून यंदा गिटारच्या अँप्लिफायरसाठी समाजमंदिरातून निराळी वायर ओढली होती. "पाहुण्याले सोतंत्र लाइन देल्ली, साहेब," अध्यक्ष म्हणाले. घरचं दूध पाहुण्याच्या चहात आधी ओतावं, तशी ती लाइन दिलेली होती.

तो स्टेजवर चढला. माइकला हाताची मागची बाजू लावली. काही नाही. हसून माझ्याकडे पाहिलं.

स्टेज कोरड्या फळ्यांचं होतं, करंटला जमिनीत उतरायला वाट नव्हती. एकट्या माइकला हात लावून तिथं काही कळणारच नव्हतं. धोका माइक आणि गिटार यांच्या मध्ये होता. गिटारच्या तारा एका लाइनवर, माइक दुसऱ्या. बोटं तारांवर आणि ओठ माइकला टेकले की करंटचा रस्ता त्याच्या छातीतून. मी मीटरचं एक टोक माइकच्या जाळीला लावलं, दुसरं स्टँडवरच्या गिटारच्या तारेला. काटा दोनशे व्होल्टच्या पुढे गेला. पुन्हा लावलं. पुन्हा तेवढाच.

"गिटार उचलू नको."

"काहून? आताच त पाह्यलं मी."

"माइक पाहिलास. या दोघांत करंट आहे. दोन्ही एका बोर्डावर आणतो, थोडा वेळ दे."

मी स्टेजखाली उतरलो, दोन्ही लाइनींचे बोर्ड तिथं शेजारी शेजारी होते. समोरून कुणी ओरडलं, "ओ गवय्या, मुहूर्त पाहून राह्यला का?" हशा झाला. मागच्या दोन-चार बायांनी लेकरं कडेवर घेतली. एकजण ढुंगण झटकत उभा राहिला.

"भाऊ, हे उठले त परत बसत नाई."

"बसतील."

"नाई बसत. मले मालूम हाय." एक हात माइकवर ठेवून तो दुसऱ्या हातानं गिटारकडे वळला.

बँडमध्ये सगळी वाद्यं मालकाच्या एकाच बोर्डावर चालत. तिथं ही वेळच कधी आली नव्हती. मी पोचू शकणार नव्हतो. दोन्ही प्लग माझ्या हाताशी होते, ते एकदम उपटले. आवाज मेला, त्यातल्याच एका लाइनवरचा स्टेजचा दिवाही गेला. संधिप्रकाशात दिसलं ते एवढंच की त्याची बोटं तारांवर आहेत आणि तो हलत नाही. आधी काय झालं, प्लग निघाले की हात पोचला, मला ठरवता येईना. मी हाक मारली. स्टेजकडे धावलो.

"जित्ता हावो, भाऊ," शेवटी तो म्हणाला.

मग त्यानं तसंच, माइकशिवाय, गायला सुरुवात केली. जिनिंगमधून परतलेल्या बाईच्या केसांत अडकलेल्या सरकीच्या भुग्याचं गाणं होतं, त्याचं स्वतःचं. मागे ऐकू जाईना, म्हणून निघालेले लोक पुढे सरकले. लेकरू कडेवर घेतलेल्या एका बाईनं दटावलं, "अय पोट्टेहो, गुमान बसा नं." मी दोन्ही लाइनी एका बोर्डावर आणेपर्यंत त्याची तीन गाणी झाली होती.

परतताना तो माझ्या मोटरसायकलवर मागे होता. त्याचं कापणं मला सीटमधून कळत होतं.

"लोक बसले नं, भाऊ?"

"बसले."

"मंग आता सोडता येत नाई." गल्लीत उतरताना म्हणाला, "आता दोन्हीचं भेव वाटते."

पुढच्या वर्षी तो बायकोला घेऊन नागपूरला गेला. कार्यक्रम असला की तिन्हीसांजेला फोन करायचा. मी विचारायचो, "बोर्ड एकच आहे ना?" तो म्हणायचा, "एकच." मग मी जेवायला बसायचो.

शेवटचा फोन कुठल्याशा मोठ्या हॉलमधून आला. मी विचारलं, तर म्हणाला, "मले नाई मालूम, भाऊ. इथं त्याईचा माणूस हाय, थोच पाहते सगळं. तुमी जेवून घ्या." आवाजात भीती अजिबात नव्हती. त्या दिवशी मला घास गेला नाही.

नंतर नंबर बंद लागू लागला. तो गातो की नाही, कुणाला नक्की माहीत नाही. कुणी मुंबई सांगतं, कुणी काही.

माझी मुलगी लग्न होऊन अमरावतीला आहे. ती बहुधा संध्याकाळी फोन करते.

"बोर्ड एकच आहे ना?" मी सवयीनं विचारतो.

"बाबा," ती म्हणते, "मी आहे."