सोलर बसला, बंब गेला

एका नळापायी गल्लीत माझी काय शोभा झाली, ते आज सांगूनच टाकते. हसायचं तर हसा, पण हातातला चहा सांभाळा.

जळगावात आम्ही नवं घर बांधलं, तेव्हाची गोष्ट. न्हाणीघरात पाणी कशावर तापवायचं, यावरून घरात रोज वाद! आमचे आबा, म्हणजे सासरे, धुळ्याकडच्या खेड्यातले. त्यांना आपला तांब्याचा बंबच हवा. गुडघे दुखायचे त्यांचे, डॉक्टरांनी कढत पाण्यानं आंघोळ सांगितलेली. आमच्या ह्यांना गिझर हवा. पण सकाळच्या वेळी वीज असते कुठं? आणि बंबात कपाशीच्या पऱ्हाट्या घालून घालून डोळे कोणाचे गेले? माझे! मी म्हटलं, सोलर. एवढं ऊन फुकट डोक्यावर घेतो, ते कामाला लावा की.

"आन पानी तपनं नही तं?" आबांनी विचारलं.

"तर मी स्वतः चुलीवर तापवून बादली तुमच्या पुढ्यात ठेवीन. जन्मभर!"

बोलून बसले. वरून बंब मोडीत घालून टाकला.

एप्रिलात सोलर बसला. फिटरनं भिंतीत दोन नळ लावले आणि सांगायला लागला, "अक्का, यातला गरम..."

"मला नको शिकवू. चौथी पास आहे मी."

आता तुम्हीच सांगा, चांगली वस्तू कोणी डाव्या हाताला ठेवतं का? मी उजवा नळ सोडला. असं चटका देणारं पाणी! लगेच नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. डावा नळ साध्या पाण्याचा, उगाच कोणी सांडायला नको, म्हणून त्याला लुगड्याची चिंधी करकचून बांधली. ती सोडायची घरात कोणाची छाती होती?

गल्लीतल्या बाया बोट बुडवून बघून गेल्या. माझ्या शब्दावर तिघींनी सोलर घेतला. त्यांच्याकडे मी स्वतः गेले. म्हटलं, फिटर काही का सांगेना, माझं ऐका.

पावसाळ्यात पाणी कोमट झालं. मी म्हटलं, ढग आहेत. मग थंडी पडली आणि पाणी बर्फ!

"थंडगार शे व माय," आबा कुडकुडत म्हणाले. "तो डावा सोडी तं देख."

"आबा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

आणि गुपचूप चूल पेटवली. आठ दिवस पहाटे उठून धूर खाल्ला, आबांपुढे बादली ठेवली. आबा आधी बादलीकडे बघायचे, मग डाव्या नळाकडे. बोलले असते तर बरं झालं असतं! नवव्या दिवशी पदर खोचला आणि सोलरच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

"तुमचा सोलर फक्त उन्हाळ्यात तापतो होय? उन्हाळ्यात तर माझी गच्चीवरची साधी टाकीसुद्धा तापते!"

गिऱ्हाइकं गोळा झाली. दुकानदारानं हात जोडून फिटरला माझ्यामागं धाडलं.

फिटर न्हाणीघरात शिरला. हळदकुंकू बघितलं, चिंधी बघितली. चिंधी सोडली, डावा नळ फिरवला. आधी नुसती फुरफुर. मग वाफ! आबांनी हात पुढं केला आणि ओरडलेच, "भाजना व माय हात!"

मी काय गप्प बसणारी? "मग उन्हाळाभर उजव्यातून कढत पाणी कसं आलं?"

"अक्का, मे महिन्यात जळगावात कोणत्या नळाला गार पाणी येतं?"

मी पदरानं नळावरचं हळदकुंकू पुसायला घेतलं.

फिटर पाने-पकड गोळा करत आबांना म्हणाला, "आबा, याच गल्लीत अजून तीन घरांची तक्रार आहे. सकाळीच बघून आलो. तिथंही डाव्या नळाला चिंधी. तुमच्याकडे अशी काही रीत आहे का?"

आबांनी खांद्यावर पंचा टाकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रीत नही शे भाऊ. मन्ही सून शे."