डबल अर्थिंग

आमच्या साखर कारखान्यातल्या वायरमनला कुठलंही काम एकदा करून पुरत नसे. कुलूप लावलं तरी वर दोरी बांधायचा. वजनकाट्याला नवी इलेक्ट्रॉनिक पेटी आली, तेव्हा तिच्या केबलवरची तारांची संरक्षक जाळी त्यानं दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली.

“आवं, डबल हाय. लय सेफ.”

शेजारची क्रेन सुरू झाली, की पेटीवरचे आकडे नाचायचे. पेटीच्या कंपनीचा पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, “दोन्हीकडे जोडलं की जाळीतूनच करंट फिरतो. एक टोक सोडा.” हा ऐकेना. शेवटी साहेबांनी बजावलं, “आकडे थांबले नाहीत, तर उद्या पेटी परत जाईल आणि तुझी बढतीही.”

सकाळी आकडे स्थिर होते.

“टोक सोडलंस ना?” मी विचारलं.

“न्हाई. पेटीला हितलं पानी मानवलं.”

हल्ली तो नव्या वायरमनना शिकवतो, “अर्थिंग एकाच टोकाला. दोन्हीकडं जोडणारा गाढव.” तेवढं बोलताना माझ्याकडे बघत नाही.