माझे जमिनीवरचे काका

कर्जत-खालापूरच्या मुलखात घाट आहेत, कडे आहेत, ताडामाडांची झाडं आहेत, आणि या सगळ्यांवरून माणूस खाली पडू शकतो ही गोष्ट ज्याला झोपेतसुद्धा विसरता येत नव्हती, असा एकच मनुष्य मी पाहिला. ते माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणे. धंद्याने ते मुकादम होते. पावसाळ्यापूर्वी घरांवर चढून कौलं चाळायची, देवळांच्या शिखरांना चुना लावायचा, विहिरींच्या आत उतरून ढासळलेले दगड बसवायचे, म्हणजे जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथली सगळी कामं त्यांच्याकडे येत. आयुष्य उंचावर घालवलेल्या या माणसाला उंचीबद्दल इतका धाक होता की वाघाला पाहून आपण जसे आवाज खाली आणतो, तसे ते साध्या शिडीजवळ आवाज खाली आणत.

कर्जतच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली तेव्हा मी मावशीकडे राहायला गेलो. पहिल्याच दिवशी माळ्यावर माझी पेटी ठेवायला चढलो, तर खालून काकांनी हाक दिली, "मास्तर, थांबा." भाचा असूनही ते मला मास्तरच म्हणत. त्यांनी दोर आणला, माझ्या दोन्ही मांड्यांतून आणि छातीवरून फिरवला, आणि तुळईवरून टाकून दुसरं टोक स्वतः धरून उभे राहिले. माळा जमिनीपासून माझ्या टोपीइतका उंच होता. मी हसलो. मावशी चुलीपाशी बसून म्हणाली, "हसू नको रं. मी गेली वीस वर्सं लोनच्याची बरनी अशीच काढत्ये."

हे मांडीतून दोर घेणं ते माथेरानच्या कड्यांवर मध काढणाऱ्या ठाकरांकडून शिकले होते. कमरेला दोर बांधलेला माणूस पाहिला की त्यांना राग येई. "कंबर मोडून वाचलेला मानूस काय करायचा? मांडीवर बसव त्याला, जसा आईच्या मांडीवर बसतो तसा." हे बोलताना त्यांच्या भरघोस मिशांमागे कुठेतरी फार हळवं काही हलून जाई.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते सगळे दोर अंगणातल्या आंब्याच्या फांदीला एकेक करून बांधत आणि प्रत्येकाला स्वतः लोंबकळत. देह चांगला भारदस्त. उजाडताना मुंडासं बांधलेला एक गृहस्थ झाडाला शांतपणे लटकलेला आहे, हे दृश्य गावाला सवयीचं होतं, पण नव्या टपालवाल्याला नव्हतं. तो बिचारा पहिल्यांदा गावात आला, त्याने फाटकातून हे पाहिलं, थैली टाकली आणि धावत येऊन काकांचे पाय मिठीत घेऊन वर उचलले. "अहो, असं करू नका! घरी बायकापोरं असतील!" काका वरून अतिशय सौम्यपणे म्हणाले, "भाऊ, पाय सोडा. वजन कमी व्हतंय."

दोर तपासून झाले की माणसं तपासत. जेवलास का, झोपलास का, घरात भांडलास का, हे तीन प्रश्न. तिसऱ्याला जो अडखळे तो त्या दिवशी शिडी चढत नसे. "मन खाली आन् पाय वर, हे चालनार नाय. जा, आदी तिची समजूत काढून ये." आमच्या गावातल्या कित्येक संसारांत काकांच्या या नियमामुळे शांतता नांदत होती. कोणत्याही लग्नात नवरदेव घोड्यावर बसला की काका वरातभर त्याच्या शेल्याचं टोक मुठीत धरून चालत. गोकुळाष्टमीच्या हंडीला तर त्यांनी पिंपळावरून दोर सोडला आणि सगळ्यात वर चढणाऱ्या पाटलाच्या थोरल्याला बांधायला निघाले. गाव खवळलं. "किस्नाला कुनी बांदला व्हता?" पाटील ओरडले. काका म्हणाले, "किस्न देव व्हता. ह्यो तुमचा हाय." पाटील घुटमळले. दोर बांधला गेला.

तेव्हा हे सगळं मला गमतीचं वाटे. मी शाळेत इतर मास्तरांना काकांच्या नकला करून दाखवत असे. त्याची लाज मला एका भाताच्या गिरणीच्या आवारात वाटली.

कर्जतपासून थोड्या अंतरावर ती गिरणी होती आणि तिच्या विटांच्या उंच धुराड्याला तडे गेले होते. भात यायच्या आत ते दुरुस्त व्हायला हवं होतं. काकांनी काम घेतलं. बांबूंची परांची उभी राहिली, गवंडी चढायला तयार झाले, आणि काका म्हणाले, दोर परांचीला बांधायचे नाहीत. धुराड्याच्या माथ्याला लोखंडाचं जाड कडं होतं. प्रत्येक गवंड्याचा दोर त्या कड्यातून ओवून खाली आवारातल्या चिंचेच्या खोडाला वेढे देऊन धरायचा, दर दोराला एक माणूस, वरचा सरकेल तसा दोर सोडायचा. गिरणीचे मालक कपाळाला हात लावून बसले. "अरे, सात जणांच्या कामाला चौदा माणसं?"

"शेट," काका म्हणाले, "सात जनं काम करतील. सात जनं त्यांना घरी पोचवतील."

"पण परांची मजबूत आहे ना? मग तिलाच बांधा की."

"परांची पडली तर तिला बांदलेला मानूस तिच्यासंगतीच जाईल."

मालकांनी हात झटकून होकार दिला, पण गडीमाणसं हसली. शाळेला सुट्टी होती म्हणून मी काकांची भाकरी घेऊन गेलो होतो. मीही हसलो.

दुपार उतरत असताना हंगामाआधीच भाताची एक गाडी आवारात आली. बैल कशाने बुजले कळलं नाही. गाडीवानाने कासरे ओढले, बैल मागे रेटले, आणि भरल्या गाडीचं चाक परांचीच्या मुख्य खांबावर गेलं. आवाज आधी लहान होता, काडी मोडल्यासारखा. मग सगळे बांबू एकदम बसले. धुळीचा असा लोट उठला की मला माझा हातसुद्धा दिसेना. माझ्या हातातलं भाकरीचं रिकामं फडकं कधी पडलं ते कळलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं की आता धूळ खाली बसू नये.

ती बसली. धुराड्याभोवती, वेगवेगळ्या उंचीवर, सात माणसं लोंबकळत होती. खाली चिंचेपाशी सात माणसं पाय रोवून, दात ओठात रुतवून दोर धरून होती.

काका ओरडले नाहीत. शाळेत मी हजेरी घेतो तशी त्यांनी वर बघून एकेकाला हाक मारली. "गोमा, हायस का रं?"

"हाय!"

"तुका?"

"हाय!"

सहा वेळा 'हाय' आलं. इतकी वर्षं मी मुलांना शुद्ध 'आहे' लिहायला शिकवत होतो. त्या दुपारी त्या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा कळला.

सातव्या हाकेला उत्तर आलं नाही. तो धर्मा, सगळ्यांत म्हातारा गवंडी. मान छातीवर पडलेली, दोरात बसल्यासारखा. इतर सहा जण आता जीव खाऊन ओरडू लागले, आम्हाला उतरवा, आम्हाला उतरवा. मालकही गोमाकडे बोट दाखवत होते, कारण तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

"वरडतायत ते बरं हायेत," काका म्हणाले. "गप हाय त्याला आदी आना."

धर्माचा दोर त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. वीत वीत सोडला. मोठं ओझं उतरवताना माणसं घाई करतात, काकांनी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं त्याला जमिनीवर ठेवलं. बांबू लागून त्याचा खांदा निखळला होता, शुद्ध गेली होती, पण श्वास चालू होता. पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "मुकादम, मी घरात भांडलो नव्हतो."

बाकीचे सहा एकेक करून उतरले. मालक रडत होते. कोणीतरी काकांच्या पाया पडलं. काका मात्र चिंचेखाली उकिडवे बसून सातही दोर बोटांनी चाचपत होते. एका दोरापाशी बोटं थांबली. त्याचा एक पदर अर्धा उसवला होता. त्यांचा चेहरा असा उतरला की जणू खरंच कोणी गेलं. "ह्यो सकाळी तपासताना माज्या हातून सुटला, मास्तर," ते म्हणाले. विळा मागवून त्यांनी त्या दोराचे तुकडे केले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी पुष्कळ दिवस मनात ठेवलेला प्रश्न एकदा विचारला. मला वाटत होतं, यांचा भाऊ, बाप, कोणीतरी पडून गेलं असणार. "काका, तुमचं कोण पडलं होतं?"

"कुनी नाय."

"मग हे सगळं?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "कुनी पडल्याबिगर सुचू नाय का रं मानसाला?"

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी मावशीचं पत्र आलं, म्हणून गेलो. काका पडवीत बाजेवर होते. माणसांची ओळख गेली होती. हात मात्र गोधडीच्या काठावर सारखे काहीतरी चाचपत होते. मी जवळ बसलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "समदी उतरली का रं खाली?"

मी मावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "रोज संध्याकाळ झाली की हेच इचारतात. सांग. सांगितल्याबिगर जेवत नायत."

सूर्य माथेरानच्या डोंगरामागे गेला होता. मी काकांच्या कानाशी वाकलो. "उतरली, काका. समदी उतरली."

त्यांची बोटं सैल झाली. मावशीने पेजेची वाटी पुढे केली आणि त्यांनी तोंड उघडलं.